मुक्या संगणकाची नाडीपरीक्षा

यंत्र चालेनासें झालें म्हणजे बहुतेक घरांत पहिला उपचार ठरलेला असतो : त्याच्या पाठीवर एक थाप मारावयाची! रेडिओ घरघरूं लागला, थाप. टेबलावरील पंखा अडखळला, थाप. आणि मौज अशी कीं, दहांतून दोन वेळां या उपचाराला यशहि येतें. कारण सैल पडलेला एखादा सांधा त्या धक्क्यानें पुन्हां जागेवर बसतो. परंतु यश आलें तरी ज्ञान येत नाहीं. कोणता सांधा सैल होता, तो कां सैल झाला आणि उद्यां पुन्हां सुटणार नाहीं कशावरून, या प्रश्नांचें उत्तर थाप देत नाहीं.

जुन्या संगणकांच्या जीर्णोद्धारांत ही थापेची वृत्ति फार महाग पडते. जीर्णोद्धार हा शब्द एरवीं देवळांसाठीं राखलेला. पण तो संगणकांना लावण्याची वेळहि आतां आलेली आहे. इंग्लंडांत हार्वेल येथील अणुसंशोधन-केंद्रांत १९५१ सालीं कामाला लागलेला एक अवजड संगणक ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालयांत दुरुस्त झाला, आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत तो पुन्हां गणितें करूं लागला. तें काम एका संस्थेचें होतें. परंतु घरांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या लहान संगणकांचा जीर्णोद्धार एकटींदुकटीं माणसें, नोकरीधंदा सांभाळून, जेवणाच्या टेबलावर करीत असतात. त्यांच्यापुढें पहिला प्रश्न बहुधा एकच येतो. कळ दाबली, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. आतां काय करावें?

उदाहरणासाठीं एकच यंत्र हातीं घेतलें म्हणजे विषय सोपा होईल. कमोडोर ६४ या नांवाचा घरगुती संगणक १९८२ च्या जानेवारींत अमेरिकेंत लास व्हेगस येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आला. त्याच वर्षीं तो ५९५ डॉलरांस विक्रीस आला, आणि १९९४ सालीं त्याची निर्माती कंपनी बुडेपर्यंत त्याचे एक कोटीहून अधिक नग खपले. दिसावयास तो जाड पाठीच्या टाइपरायटरसारखा. कळफलकाच्या पोटांतच सारें यंत्र बसविलेलें, आणि पडदा म्हणून घरचाच टेलिव्हिजन जोडावयाचा. नांवांतील ६४ हा आंकडा त्याच्या स्मृतीचा, म्हणजे ६४ किलोबाइटांचा. तींत ६५,५३६ अक्षरें मावतात; मध्यम आकाराची कादंबरीहि तींत पुरी बसावयाची नाहीं. चित्र काढणारी, आवाज काढणारी अशा कांहीं चिप्स त्या कंपनीनें खास आपल्या यंत्रांसाठीं घडविल्या होत्या. त्या मूळ रूपांत आतां घडविल्या जात नाहींत. आधुनिक पर्याय मिळतात; पण मूळ चिप एक जळली म्हणजे जगांतील शिल्लक एकानें कमी झाली. चुकीची किंमत येथें अशी मोठी आहे.

संगणक सुरू होण्याला इंग्रजींत ‘बूट’ होणें म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलावें, अशी ती कल्पना. कल्पना विचित्र, पण तिच्या मागील अडचण खरी आहे. संगणक आज्ञेवांचून हालत नाहीं, आणि आज्ञा आणून देणाऱ्यालाहि आज्ञा लागतेच! यावर तोड म्हणून पहिल्या आज्ञा न पुसल्या जाणाऱ्या स्मृतींत, म्हणजे रॉममध्यें, कारखान्यांतच कोरून ठेवलेल्या असतात. कळ दाबतांच प्रथम वीज सर्व भागांस पोंचते. मग स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें घड्याळ ठोके देऊं लागतें. एक लहानशी योजना मुख्य प्रोसेसरला क्षणभर थोपवून धरते, आणि सारें स्थिरावलें कीं सोडून देते. सुटलेला प्रोसेसर स्मृतीच्या अगदीं टोकाला असलेल्या ६५,५३२ आणि ६५,५३३ या दोन घरांत डोकावतो. तेथें त्याला एक पत्ता मिळतो : ६४,७३८. त्या पत्त्यावर रॉममधील पहिली आज्ञा बसलेली असते. तेथून पुढें तो सोबतच्या चिपांना कामाला लावतो, स्मृतीचीं घरें तपासतो, आणि निळ्या पडद्यावर ‘रेडी’ हा शब्द उमटवून मालकाची वाट पाहत बसतो.

ही साखळी ध्यानांत घेतली म्हणजे काळ्या पडद्याचा अर्थ उलगडूं लागतो. ताप हें जसें एक लक्षण आणि त्याच्या मागें रोग अनेक, तसाच हा काळा पडदा. कोणतीहि एक कडी तुटली तरी दर्शनीं परिणाम तोच. म्हणून वैद्यानें जशी लक्षणावरून थेट औषधावर उडी मारूं नये, तशीच दुरुस्ती करणाऱ्यानेंहि मारूं नये. साखळी ज्या क्रमानें जोडलेली आहे, त्याच क्रमानें ती तपासली पाहिजे : आधीं वीज, मग ठोका, मग सुटका, मग आज्ञा, मग स्मृति.

पहिला नियम ऐकावयास विचित्र वाटेल. यंत्र सुरू होत नसेल तर तें सुरू करूं नये! त्याला वीज पुरविणारा ठोकळा प्रथम वेगळा तपासावा. हा ठोकळा घरच्या विजेपासून दोन प्रकारचे पुरवठे तयार करतो : एक ५ व्होल्टांचा, एकाच दिशेनें वाहणारा डीसी, दुसरा ९ व्होल्टांचा, दिशा पालटणारा एसी. पांच व्होल्टांची वाट फार अरुंद असते. ४.७५ च्या खालीं चिप्स गोंधळूं लागतात, आणि ५.२५ च्या वर त्यांच्या जिवाला धोका. जुन्या ठोकळ्यांतील दाब आवरणारा भाग वय झाल्यावर पुष्कळदां दाब कमी करीत नाहीं. उलट तो वाढूं देतो. हा वाढलेला दाब सोसण्याची ताकद स्मृतीच्या चिपांत फार थोडी, त्यामुळें बहुधा त्याच प्रथम बळी पडतात. ठोकळा नुसता असतांना आंकडा ठीक आला म्हणूनहि निश्चिंत राहतां येत नाहीं. भार पडून तो तापल्यावर आंकडा बदलूं शकतो. पुष्कळ मूळ ठोकळे आंतून राळेसारख्या पदार्थानें भरून बंद केलेले आहेत. ते फोडून दुरुस्त करणें कठीण, आणि त्यांत घरची वीज खेळत असल्यामुळें जिवावरचेंहि. म्हणून शहाणा जीर्णोद्धारक जुना ठोकळा संग्रहासाठीं बाजूला ठेवतो आणि नवा, भरंवशाचा ठोकळा जोडतो. टेलिव्हिजनचा जुना काचेचा पडदाहि असाच. वीज बंद केल्यावरहि त्यांत जबर दाब शिल्लक राहूं शकतो. नवशिक्यानें त्याचें झांकण उघडूंच नये.

वीज पाहिली, आतां दिवा. यंत्राच्या दर्शनीं भागावर एक लहान तांबडा दिवा असतो, आणि तो लागला कीं मालकाला वाटतें, वीज तर येते आहे! येथें पुष्कळजण फसतात. हा दिवा केवळ ५ व्होल्टांच्या पुरवठ्याची साक्ष देतो. ९ व्होल्टांविषयीं तो कांहींच बोलत नाहीं. आणि या यंत्राच्या पहिल्या काळांतील बोर्डांवर चित्र काढणाऱ्या चिपची आणि घड्याळाची वीज त्या ९ व्होल्टांपासूनच तयार होते. त्या वाटेवर एक लहानसा फ्यूज असतो. तो जळाला म्हणजे दिवा डौलानें तेवत राहतो आणि घड्याळ मात्र बंद! चार आण्यांच्या तारेसाठीं चांगल्या चिप्स उपटणें म्हणजे काखेंत कळसा आणि गांवाला वळसा. साक्षीदार खोटें बोलत नव्हता. त्याला जें ठाऊक नव्हतें, तें त्याच्या तोंडीं घातलें गेलें, एवढेंच.

यानंतर काळोखाचीच परीक्षा. जुन्या टेलिव्हिजनवर संदेश नसला म्हणजे पडद्यावर मुंग्या नाचतात. संगणक जोडून सुरू केल्यावरहि मुंग्या तशाच राहिल्या, तर चित्र काढणारी चिप, तिची वीज, घड्याळ किंवा टेलिव्हिजनपर्यंत जाणारी जोडणी यांपैकीं कांहीं तरी मुकें आहे. पण मुंग्या जाऊन पडदा शांत, स्थिर काळा झाला, तर अर्थ अगदीं निराळा. चित्राची चिप जागी आहे, ठोका चालू आहे. फक्त काय दाखवावें हें तिला कोणी सांगितलेलें नाहीं. सांगणारा प्रोसेसर वाटेंत कोठें तरी अडकला आहे. दोन्ही पडदे बघ्याला सारखेच काळे. पण एक काळोख यंत्र झोंपल्याचा, आणि दुसरा तें जागें असून वाचा बसल्याचा. एवढा भेद ओळखला तरी अर्धें बोर्ड संशयांतून मोकळें होतें.

मग नाडी पाहावयाची. ऑसिलोस्कोप नांवाचें उपकरण विजेचे ठोके रेषांच्या रूपानें डोळ्यांपुढें आणतें. युरोपांत विकल्या गेलेल्या कमोडोर ६४ मध्यें प्रोसेसरची नाडी सेकंदाला सुमारें ९,८५,००० वेळां पडते, अमेरिकेंतील यंत्रांत सुमारें १०,२३,००० वेळां. ठोका आढळला तर पुढचा प्रश्न : प्रोसेसरची सुटका झाली आहे काय? त्याच्या ४० पायांपैकीं चाळिसाव्या पायावरील दाब आरंभीं क्षणभर खालीं राहून मग वर गेला पाहिजे. तो खालींच राहिला, तर प्रोसेसर निर्दोष असूं शकतो; बिचारा अजून दाराशींच थोपवून धरलेला आहे. दोष बहुधा थोपविणाऱ्या योजनेचा.

दाब योग्य, ठोका योग्य, सुटका झालेली, आणि तरीहि पडदा काळा. तेव्हां आज्ञा आणि स्मृति यांकडे वळावें. या टप्प्यावर जुन्या कारागिरांचा एक साधा उपाय आहे : वीज लावून थोडा वेळ थांबावें आणि प्रत्येक चिपवर हळूच बोट टेकवावें. चित्राची चिप ऊन लागते, तें स्वाभाविक. पण स्मृतीच्या चिपांनीं कोमटच राहावें. त्यांतील एखादीनें बोटाला चटका दिला तर ती आंतून जळालेली असण्याचा दाट संभव. मात्र हा न्याय उलट लावतां येत नाहीं. चटका बसला म्हणजे दोषी, हें बहुतांशीं खरें. पण थंड आहे म्हणून निर्दोष, असें मुळींच नाहीं. कांहीं चिप्स मरतांना थंडच मरतात.

आणखी एक संशयित म्हणजे पीएलए नांवाची २८ पायांची चिप. टेलिफोन-एक्स्चेंजमध्यें कोणाचा तार कोणाला जोडावयाचा हें ठरविणारा जसा माणूस असतो, तसें तिचें काम. प्रोसेसरनें एखादा पत्ता उच्चारला कीं, तेथें रॉमनें उत्तर द्यावें, साध्या स्मृतीनें द्यावें कीं चित्राच्या चिपनें, हें ती क्षणोक्षणीं ठरविते. ती स्वभावानें तापट, आणि या यंत्राच्या नेहमींच्या दुखण्यांत तिचें नांव वरचें. ती बिघडली म्हणजे पत्ता बरोबर पण उत्तर देणारा भलताच, अशी दशा होते, आणि प्रोसेसर पहिल्याच आज्ञेला वाट चुकतो.

स्मृतीची रचना तर मोठी बोधप्रद आहे. बहुतेक बोर्डांवर आठ सारख्या चिप्स ओळीनें बसविलेल्या असतात. अक्षर एका चिपमध्यें राहत नाहीं. प्रत्येक अक्षराचे आठ अंश आठजणींत वांटलेले असतात. म्हणून आठांतील एकच मेली तरी स्मृतींतील प्रत्येक अक्षर लंगडें होतें, आणि प्रोसेसर स्वतःची टिपणें ठेवूं शकत नाहीं. मग आठांतली कोणती, हें कसें कळावें? यासाठीं निर्मात्या कंपनीनेंच दुरुस्ती करणाऱ्यांकरितां एक निदान-कार्ट्रिज बनविलें होतें. तें मागील खांचेंत बसविलें म्हणजे प्रोसेसरला पहिला पत्ता रॉमऐवजीं कार्ट्रिजमधून मिळतो. कार्ट्रिजमधील आज्ञा साध्या स्मृतीचा आधार न घेतां तिचीच तपासणी करतात, आणि दोष सांपडला तर पडदा ठराविक वेळां लुकलुकतो. किती वेळां लुकलुकला, त्या आंकड्यावरून कोणती चिप, तें समजतें. वाचा गेलेल्या रोग्यानें पापण्यांनीं उत्तर द्यावें, तसाच हा प्रकार. आणि कार्ट्रिज लावूनहि पडदा लुकलुकलाच नाहीं, तर तेंहि उत्तरच आहे : संशय स्मृतीवरून सरकून पीएलए, प्रोसेसर आणि चित्राची चिप यांवर येतो.

दोषी चिप सांपडली म्हणजे हात शिवशिवूं लागतात, आणि खरा धोका येथेंच. बोर्डावरील तांब्याच्या वाटा केंसासारख्या बारीक. चिप ओढून काढूं गेलें तर तिच्याबरोबर वाट उखडते, आणि एका रोगाचे दोन होतात. म्हणून अनुभवी माणूस मेलेल्या चिपचे सोळाहि पाय प्रथम कापून टाकतो, आणि मग एकेक पाय डाख वितळवून अलगद काढतो. चिप गेली तरी चालेल, बोर्ड वांचलें पाहिजे. मोकळ्या झालेल्या जागीं तो सॉकेट बसवितो, म्हणजे पुढच्या माणसाला डाखाची गरज पडूं नये. अंगावरील स्थिर वीजहि चिपला मारूं शकते. म्हणून मनगटाला जमिनीशीं जोडलेला पट्टा बांधून काम करण्याची रीत आहे.

पुष्कळांना हा सारा क्रम कंटाळवाणा वाटतो. दुसऱ्या चालू यंत्रांतील चिप्स काढून एकेक करून या यंत्रांत लावून पाहाव्या, असा सोपा मार्ग ते धरतात. परंतु ज्या यंत्राचा दाबच बिघडलेला आहे, त्यांत चांगली चिप घालणें म्हणजे सांथीच्या अंथरुणावर धडधाकट माणसाला निजविणें. सकाळीं एक यंत्र बंद होतें, संध्याकाळीं दोन होतात! याहून करुण प्रकार दुसराच. स्मृतीची चिप बदलली, पडदा निळा झाला, घरांत आनंद झाला. आणि आठवड्यानें पडदा पुन्हां काळा. ठोकळा जुनाच ठेवलेला असतो. पहिली चिप ज्यानें मारली, त्यानेंच दुसरी मारली. चिप मेली हें निदान खरें होतें. पण तें अर्धें होतें. काय मेलें एवढें कळून भागत नाहीं; कशानें मेलें हें कळेपर्यंत निदान पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं.

क्रमानें गेल्यास मात्र एखाद्या दिवशीं तो क्षण येतो. काळ्या पडद्याच्या जागीं निळा पडदा, भोंवतीं फिकट निळी चौकट, आणि वरच्या ओळींत मोकळ्या जागेचा आंकडा : ३८,९११. हा आंकडा नुसता शोभेचा नाहीं. यंत्र सुरू होतांना स्मृतीचीं घरें क्रमानें तपासीत जातें, आणि ४०,९६० व्या पत्त्याशीं रॉमची हद्द लागली कीं थांबतें. मालकाच्या आज्ञा २,०४९ पासून लिहिल्या जातात. वजाबाकी केली कीं ३८,९११ येतात. वाटेंत एखादें घर सदोष लागलें, तर तपासणी तेथेंच थांबते आणि आंकडा कमी दिसतो. म्हणजे ‘रेडी’ म्हणतांनाच हें यंत्र आपली प्रकृति किती खरी आहे, तेंहि सांगून टाकतें. ज्याला तो आंकडा वाचतां येतो, तो आनंदाच्या भरांतहि प्रथम तिकडेच पाहतो. मग कांहीं तास यंत्र चालू ठेवून, तें तापल्यावरहि तसेंच वागतें कीं नाहीं, याची खात्री करून घेतो.

एवढ्यानें काम संपत नाहीं. काढलेल्या चिप्स पुडींत बांधून, त्यांवर तारीख घालून यंत्राबरोबर ठेवाव्या. काय मोजलें, किती आलें, काय बदललें, हें वहींत उतरावें. कारण आजचा जीर्णोद्धारक हा या यंत्राचा शेवटचा वैद्य नव्हे. वीस वर्षांनीं दुसरा कोणी झांकण उघडील, तेव्हां त्याला मूळचें कोणतें आणि मागाहून आलेलें कोणतें, हें कळलें पाहिजे. देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यानें नवा चिरा बसवावा, पण शिलालेखावर चुना फांसूं नये, तसेंच हें.

आणि कधीं कधीं इतकें करूनहि यंत्र सुरू होत नाहीं. तेव्हां झांकण लावून, वही आंत ठेवून, तें जपून बाजूला ठेवणें यांतहि कमीपणा नाहीं. ज्याला इजा झाली नाहीं, तें यंत्र उद्यांच्या अधिक जाणत्या हातांची वाट पाहूं शकतें. घाईच्या हातांनीं उखडलेली वाट आणि जाळलेली चिप मात्र कोणाचीच वाट पाहत नाहीं. मुक्या यंत्राला बोलतें करावयाचें असेल, तर आधीं त्याला नीट प्रश्न विचारावयास शिकावें, आणि उत्तर येईपर्यंत हात आवरून ठेवावे.